धर्मग्रामाचा हॉल नव्याने बांधताना: बेळगाव सीमाभागातील नव्या समिती सदस्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, नंदगड या पट्ट्यातील कॅथलिक धर्मग्रामांचे, म्हणजे पॅरिशांचे, पुष्कळ जुने हॉल एकाच घडणीचे दिसतात: चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, मंगलोरी कौले, पुढे एक पडवी आणि मागे पत्रा टाकून काढलेले स्वयंपाकघर. फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाचे, जेवण, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, लग्नाचे रिसेप्शन आणि मयताच्या मिस्सेनंतरचा (चर्चमधील उपासनेनंतरचा) चहा हे सारे याच छपराखाली होते. छप्पर गळू लागले की मिस्सेनंतरच्या बैठकीत कोणीतरी उठून "पाडू या आणि नवा बांधू या" असे म्हणतो, टाळ्या पडतात आणि समिती नेमली जाते. हा लेख त्या समितीत पहिल्यांदाच आलेल्या सदस्यांसाठी आहे. त्यातील मुख्य आग्रह एवढाच की जागेचा निर्विवाद कागद, बिशपांची लेखी परवानगी आणि निदान स्लॅबपर्यंत पुरेल इतका पैसा ही तिन्ही हातात आल्याशिवाय जुन्या हॉलच्या एकाही कौलाला हात लावू नये. गळका हॉल असलेले धर्मग्राम कसेबसे चालते; नुसता चौथरा उभा राहिलेल्या धर्मग्रामात मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर वर्गणी देणाऱ्यांचे हात आखडतात.

पहिली पायरी: समितीचा अधिकार समजून घेणे

हॉल समिती ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र संस्था नसते. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, कलम ५३२ प्रमाणे धर्मग्रामाच्या सर्व कायदेशीर व्यवहारांत धर्मगुरू, म्हणजे पॅरिशचे फादर, हेच धर्मग्रामाचे प्रतिनिधी असतात. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असणे सक्तीचे आहे. हॉल समितीने या वित्त समितीला समांतर तिजोरी उभी करू नये, तिच्या देखरेखीखालीच काम करावे. समितीच्या नावाने कोणाचेही वैयक्तिक बँक खाते वापरणे पहिल्या दिवसापासून टाळावे, ते खाते गावातील सर्वांत विश्वासू माणसाचे असले तरीही.

रोजच्या व्यवहारापलीकडच्या कामासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, असे कलम १२८१ सांगते, आणि जुनी इमारत पाडून नवी बांधणे हे अशा कामांत सरळच बसते. बिशप फेस्ताला आले असताना "करा, करा" म्हणाले, ही परवानगी नव्हे. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयाकडे अर्ज करताना जागेचे कागद, इंजिनिअरचा अहवाल, प्राथमिक नकाशा, खर्चाचा अंदाज, हातातील शिल्लक आणि वित्त समितीचा ठराव एकत्र जोडावा. फादरांची बदली होते आणि नवे फादर येतात तेव्हा हीच फाइल कामाला येते.

बैठकीच्या भाषेबद्दल एक सूचना. आपल्या धर्मग्रामांत मराठी, कोंकणी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी बसतात, कॅम्प भागात तमिळ कुटुंबेही असतात. इतिवृत्त कोणत्याही एका भाषेत लिहावे, पण पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला ते सर्वांना समजेल अशा भाषांतून वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात. वाचून न दाखवलेल्या ठरावावरची भांडणे दिसायला भाषेची असतात. मुळात ती हिशेबाची असतात.

दुसरी पायरी: जागा नेमकी कोणाची आहे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सीमाभागात जागेच्या कागदांना इतिहास आहे. बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ मध्ये झाली. त्याआधी हा प्रदेश गोव्याच्या आणि पुण्याच्या धर्मक्षेत्रांत येत होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने खरेदीखत किंवा बक्षीसपत्र मराठीत, क्वचित मोडीत, आणि आजचा उतारा कन्नडमध्ये, अशी स्थिती आढळू शकते. दोन्हींतील नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा जुळतात का, हे मोडी आणि कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून ओळीओळीने तपासून घ्यावे. जमीन एखाद्या दिवंगत धर्मगुरूच्या वैयक्तिक नावावर, पूर्वीच्या धर्मक्षेत्राच्या नावावर किंवा देणगीदाराच्या आजोबांच्या नावावर राहून गेली असेल तर ते याच टप्प्यावर कळले पाहिजे. पाया खोदताना वारसदार समोर उभे राहिले तर सोडवणूक फार महाग पडते.

कोणता कागद कोठून काढायचा हे जागा कोणाच्या हद्दीत आहे यावर ठरते. शहरात सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड आणि महानगरपालिकेचा खाता (मालमत्ता नोंदीचा उतारा) लागतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूमधून, म्हणजे पंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीतून, मिळणारा फॉर्म ९ किंवा ११ब लागतो. शेतजमिनीसाठी आरटीसी, म्हणजे आपण सवयीने ज्याला सातबारा म्हणतो तो पहाणी उतारा, भूमी पोर्टलवरून मिळतो. महाराष्ट्रातील नातेवाइकांनी सांगितलेली पद्धत येथे जशीच्या तशी लागू होत नाही. जमीन कागदोपत्री अजून शेतीची असेल तर बिगरशेती करून घेणे आधी येते, त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जमिनीवर बोजा नाही ना, हे पाहण्यासाठी सब-रजिस्ट्रार कार्यालयाचा ईसी (बोजा प्रमाणपत्र) काढावा. कावेरी पोर्टलवरून तो ऑनलाइन मागता येतो. कॅन्टोन्मेंट हद्दीतील जागांचे प्रकरण पूर्ण वेगळे आहे. तेथे जमिनीचा हक्क संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमधील नोंदीवरून पाहतात आणि बांधकामाची मंजुरी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडून घ्यावी लागते, म्हणून त्या कामाची माहिती असलेला वकील सुरुवातीपासून सोबत असावा.

तिसरी पायरी: पाडायचे की दुरुस्त करायचे

हा निर्णय बैठकीत हात वर करून घेण्याचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून लेखी अहवाल घ्यावा, त्याची फी ही या कामातील सर्वांत स्वस्त विमा आहे. अहवाल येण्याआधी समितीला स्वतःही बरेच पाहता येते. पावसाळ्यानंतर शिडी लावून वर चढावे आणि वासा जेथे भिंतीत शिरतो ते टोक स्क्रूड्रायव्हरने टोचावे. लाकूड बहुतेक तेथेच कुजते, कारण कौलाच्या कडेने आलेले पाणी तेथे साचते आणि वाळवी भिंतीतूनच वर येते. टोक भुसभुशीत आणि मधला भाग टणक असेल तर वासा बदलून किंवा सांधून भागते. भिंतीची भेग पायथ्याकडून वर जाताना रुंदावत असेल, किंवा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी फाकत असेल, तर प्रश्न पायाचा असण्याची शक्यता मोठी असते आणि तेथे कौले बदलून उपयोग नाही. मातीच्या भिंतींबाबत विशेष सावध राहावे. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात घरे मोठ्या संख्येने पडली, आणि दिवसेंदिवस भिजत राहिलेली मातीची भिंत फारशी सूचना न देता बसते.

पाडायचेच ठरले तर मोडतोडीचे कंत्राट सरसकट देऊन टाकू नये. सुटे करून काढलेले चिरे कुंपणाच्या भिंतीला आणि चौथऱ्याच्या भरावाला चालतात, चांगली कौले स्वयंपाकघराच्या पडवीवर बसतात आणि जुने सागवान दारे-चौकटींसाठी सोन्याच्या मोलाचे असते. कौले आडवी रचली तर खालची फुटतात. ती उभी, एकमेकांना टेकवून रचावीत. काय निघाले आणि काय विकले याची यादी वहीत असावी. जुन्या दाराची जोडी कोणाच्या घरी गेली, या प्रश्नावर चांगल्या समित्याही फुटल्या आहेत.

चौथी पायरी: हॉल किती मोठा हवा

प्रत्येकाच्या मनातला हॉल शेजारच्या मंगल कार्यालयाएवढा असतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत गर्दीचा अंदाज घेताना खुर्च्या मांडलेल्या सभागृहात माणशी ०.६ चौरस मीटर आणि भोजनगृहासारख्या मोकळ्या जागेत माणशी १.५ चौरस मीटर धरतात. या हिशेबाने ३०० माणसांच्या सभेला १८० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,९४० चौरस फूट पुरतात; त्याच ३०० माणसांना एका पंगतीत जेवायला ४५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४,८४० चौरस फूट लागतात. दोन पंगती करण्याची तयारी असेल तर खर्च कितीतरी खाली येतो. वर्षातून एकदा येणाऱ्या फेस्ताच्या गर्दीसाठी हॉल बांधण्यापेक्षा, पुढच्या अंगणात मांडव घालता येईल अशी दोन मोठी दारे ठेवणे माझ्या मते शहाणपणाचे आहे.

बाहेर पडण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग हवेत आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे चौथरा दीड फूट उंच असेल तर उताराची लांबी १८ फूट होते. ही लांबी नकाशात आधीच धरावी लागते, नाहीतर शेवटी जागा उरत नाही आणि घसरगुंडी तयार होते. स्त्रियांची स्वच्छतागृहे पुरुषांच्या बरोबरीने नव्हे, त्यापेक्षा जास्त ठेवावीत. स्वयंपाकघराचा नकाशा कागदावर येण्याआधी फेस्ताचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांना जागेवर उभे करून विचारावे की चूल कोठे, भांडी धुण्याची मोरी कोठे आणि गॅसच्या टाक्या बाहेर कोठे ठेवायच्या.

पायाचा खर्च मातीवर अवलंबून असतो. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-जांबोटीकडे, तांबडी जांभ्याची जमीन आहे आणि तेथे साधा पाया बहुधा चालतो. पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीच्या काळ्या रेगड जमिनीत माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून तेथे माती परीक्षणाशिवाय पायाचे डिझाइन करू देऊ नये. खानापूरच्या हॉलचा खर्च पाहून बैलहोंगलच्या हॉलचे अंदाजपत्रक करणे येथेच चुकते.

पाचवी पायरी: पैसा

अंदाजपत्रकात बांधकामाच्या दराशिवाय कंत्राटी कामावरचा १८ टक्के जीएसटी, बांधकाम कामगार कल्याण उपकराचा एक टक्का, आर्किटेक्टची फी, वीज जोडणी आणि अनपेक्षित खर्चासाठी निदान दहा टक्के धरावेत. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचे अंदाजपत्रक हातात असेल तर दर नव्याने मागून घ्यावेत.

देणगीसाठी वेगळे खाते, दोन सह्या, क्रमांक छापलेली पावती पुस्तके आणि धर्मग्रामाच्याच खात्याला जोडलेला क्यूआर कोड एवढी तयारी आवाहन करण्यापूर्वी हवी. एका व्यक्तीकडून एका दिवशी, किंवा एकाच प्रसंगानिमित्त, २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, मग ते तुकड्या-तुकड्यांनी आणून दिले तरी. हॉलसाठी दिलेला पैसा हॉललाच वापरावा लागतो, असे कॅनन लॉचे कलम १२६७ स्पष्ट सांगते. त्यातून घंटेची दुरुस्ती किंवा फेस्ताचा बँड परस्पर भागवू नये. आयकर सवलतीचे आश्वासनही घाईने देऊ नये. विशिष्ट धर्मसमाजाच्या हिताची म्हणून नोंदलेली संस्था ८०जी सवलतीला सहसा पात्र ठरत नाही, तेव्हा धर्मप्रांताच्या सीएकडून लेखी उत्तर आल्यावरच पावतीवर तसे छापावे.

परदेशातून येणारा पैसा हा आपल्याकडचा सर्वांत नाजूक विषय आहे, कारण बहुतेक धर्मग्रामांतील कोणी ना कोणी आखातात, इंग्लंडात किंवा पोर्तुगालमध्ये आहे. येथे माणूस कोठे राहतो यापेक्षा त्याचे नागरिकत्व कोणते, हे महत्त्वाचे ठरते. भारतीय पासपोर्टवर दुबईत काम करणाऱ्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी योगदान मानली जात नाही. त्याच्याच पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या चुलतभावाने पाठवलेली देणगी मात्र विदेशी योगदान ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड) असले आणि तो दरवर्षी फेस्ताला गावी येत असला तरीही. असे योगदान घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते आणि पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील एफसीआरए खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणून "दुसऱ्या ट्रस्टच्या खात्यात घेऊ आणि मग इकडे वळवू" हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्या चुलतभावाने गावी आल्यावर रोख देऊ केली तरी नियम बदलत नाही. देणगी घेतानाच नम्रपणे पासपोर्ट विचारावा, त्यात संकोच बाळगू नये.

गोव्याच्या धर्तीवर रॅफलची (बक्षिसाच्या सोडतीची) तिकिटे छापण्याची कल्पना हमखास पुढे येते. कर्नाटकात २००७ पासून लॉटरीवर बंदी आहे. वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट छापखान्यात पाठवू नये. त्यापेक्षा खाद्यपदार्थांचे स्टॉल, नाटकाचा प्रयोग किंवा प्रत्येक वाड्याने एकेका खिडकीचा खर्च उचलणे बरे पडते.

सरकारी मदतीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राज्याच्या अल्पसंख्याक संचालनालयाच्या ख्रिस्ती समाज विकास कार्यक्रमातून चर्चची दुरुस्ती आणि समुदाय भवन यांसाठी अनुदान मिळू शकते, त्याची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम घेता येत नाही. निवडणुकीच्या सभेत मिळालेले आश्वासन अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला लिहू नये.

जमा-खर्चाचा एक पानी तक्ता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या दाराशी लावावा. त्यात मागील शिल्लक, महिन्याची जमा, प्रत्येक बिलाची रक्कम आणि बँकेतील शिल्लक एवढेच असावे, आणि तो मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपींत असावा. देणगीदारांच्या नावांपुढे रक्कम छापू नये, असे माझे मत आहे. ज्याने पाचशे दिले त्याला पाच लाखांच्या खाली आपले नाव वाचावे लागू नये.

सहावी पायरी: कंत्राट आणि पावसाचे वेळापत्रक

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तो फार जोरात असतो, आणि एप्रिल-मे मध्ये वळीव येतो. म्हणून पाडकाम ऑक्टोबरमध्ये, पाया आणि चौथरा नाताळापर्यंत, स्लॅब किंवा छपराचे ट्रस मार्चपर्यंत आणि गिलावा छपराखाली, हा क्रम सर्वांत सोयीचा ठरतो. मंजूर नकाशा ऑक्टोबरआधी हातात आला नाही तर ते वर्ष सोडून द्यावे. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) आपल्याकडे लग्ने सहसा होत नाहीत, त्यामुळे हॉलची गैरसोय त्या महिन्यांत कमी जाणवते. धर्मशिक्षणाचे वर्ग कोठे भरतील, याची लेखी व्यवस्था शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून आधी करावी.

निदान तीन निविदा एकाच मोजमाप-तक्त्यावर घ्याव्यात. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने दिलेला "चौरस फुटाला इतके" हा दर तुलनेला निरुपयोगी असतो. समितीतल्या कोणाचा भाऊ कंत्राटदार असेल तर त्या सदस्याने निविदा उघडण्याच्या बैठकीतून उठून बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. करारात आगाऊ रक्कम कमीत कमी, बिले प्रत्यक्ष मोजमापावर, प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवण्याची अट आणि काम पूर्ण झाल्यापासून एक वर्षाची दोष-दुरुस्तीची जबाबदारी असावी. कंत्राटदाराला पैसे देताना टीडीएस (आधीच कापून भरायचा आयकर) कापावा लागतो: कंत्राटदार एकटी व्यक्ती असल्यास एक टक्का, भागीदारी किंवा कंपनी असल्यास दोन टक्के. चंदगडच्या बाजूने चिरे किंवा खडी आणायची झाल्यास वाहनासोबत गौण खनिजाचा वाहतूक परवाना आहे का, हे ट्रक उतरवण्याआधी पाहावे.

सातवी पायरी: काम चालू असताना

समितीतील एकाने रोज जागेवर जावे आणि एका वहीत तारीख, हजर मजूर, आलेले सिमेंट आणि झालेले काम लिहावे. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे सर्वांसमोर भरून घ्यावेत आणि ते २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासावेत. एम-२५ काँक्रीट म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सहन करणारे. अहवालात पहिल्यांदा तोच आकडा शोधावा. पाणी मारण्याचे काम साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस चालू ठेवावे लागते, आणि मार्चच्या उन्हात आणखी वाढवावे लागते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून लांब गाळ्याखालचे चौदा दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालचे एकवीस दिवस काढू नयेत. सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या साइटवर पाट्या हव्या असतात म्हणून तो घाई करतो. त्या दिवशी वहीतली तारीख दाखवणारा माणूस जागेवर हवा.

आठवी पायरी: हॉल वापरात आणणे

आशीर्वादविधीची तारीख भोगवटा प्रमाणपत्र आणि विमा हातात आल्यावर ठरवावी. भाड्याचे नियम उद्घाटनाआधी छापून लावावेत: धर्मग्रामातील कुटुंबांना दर किती, शेजारच्या हिंदू-मुस्लिम कुटुंबांना बारसे किंवा साखरपुड्यासाठी हॉल द्यायचा का, दारू चालेल का, साफसफाई कोणाची. रात्री १० ते सकाळी ६ बंद जागेबाहेर ध्वनिक्षेपकावर बंदी असते, ती अट बुकिंगच्या फॉर्ममध्येच असावी. धार्मिक स्थळाच्या आवारातील, नोंदणीकृत धार्मिक ट्रस्टच्या हॉलचे भाडे दिवसाला १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. दर ठरवताना हा आकडा समोर ठेवावा. नावाचा फलक रंगवण्याआधी कर्नाटकच्या भाषा कायद्याप्रमाणे फलकावर ६० टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या भागात द्यावी लागते का, याची स्थानिक संस्थेकडे खात्री करून घ्यावी. कन्नड वर आणि खाली मराठी-कोंकणी असा फलक पहिल्यापासून केला तर पुन्हा रंगवण्याचा खर्च आणि वाद दोन्ही वाचतात.

राखून ठेवलेले पाच टक्के मात्र उद्घाटनाच्या आनंदात सोडून देऊ नयेत. आधी एक संपूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, ऑगस्टमधल्या सलग पावसाच्या दिवसांत छताचे सांधे, खिडक्यांचे छज्जे आणि स्वच्छतागृहाच्या भिंती इंजिनिअरसोबत फिरून पाहाव्यात, ओल दिसेल तेथे खडूने खूण करून फोटो काढावेत, आणि कंत्राटदाराने त्या सर्व जागा दुरुस्त केल्याचे इंजिनिअरने लिहून दिल्यावरच शेवटचा चेक द्यावा.